जुन्या संगणकाला लिनक्सची साथ

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११च्या अटींत न बसणारा संगणक मात्र लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर उत्तम चालू शकतो. लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या लिनक्स मिंटच्या हलक्या एक्सएफसीई आवृत्तीला किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असल्यास काम सुखाने होते.

आधी फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. मग पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या आणि तिथूनच ते सुरू करून वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासा. इन्स्टॉल करेपर्यंत हार्डडिस्कवरचे काही बदलत नाही.

स्क्रीन काळीच राहिली, तर दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. सुरुवातीच्या मेनूतील ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा. वाय-फाय सापडत नसेल, तर केबलने इंटरनेट जोडून ड्रायव्हर मॅनेजर उघडा. लिनक्सवरही संगणक संथ वाटल्यास हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा. चालता संगणक भंगारात देण्याआधी एवढे जरूर करून पाहा.