लाल दोरी कुणाच्या अंगाला?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोकणात गेलो होतो. आम्ही बीडची माणसं. पाणी म्हटलं की आम्हाला आधी टँकर आठवतो, मग हंडे-कळशा आणि त्यानंतर कुठे समुद्र! साहजिकच किनाऱ्यावर पोचताच मुलांनी हट्ट धरला, "आई, स्पीड बोटीत बसायचंच." हे म्हणाले, "बसू द्या की, रोज कुठे येतो आपण?" झालं, आम्ही सगळे बसलो.

बोटीच्या मागच्या बाजूला इंजिन होतं. त्याच्या दांड्यापाशी एक लाल दोरी लोंबत होती. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी, वेटोळ्यांची. तिचं एक टोक एका बटणाखाली अडकवलेलं आणि दुसरं तिथेच दांड्याला गुंडाळून ठेवलेलं. मी सहज विचारलं, "दादा, ही दोरी कशाला हो?"

"माणूस पडला तर इंजिन बंद व्हायला, ताई."

"मग तुम्ही बांधली नाहीत ती?"

"आम्ही कुठे पडतोय!"

सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही हसले. पण परतताना एका वळणावर बोट अशी काही कलली, की तो दादा कमरेपासून बाहेर झुकला. धाकट्याने माझा दंड घट्ट धरला. दादा सावरला, आम्हीही सुखरूप आलो. पण घरी आल्यावर माझं ते हसणं मलाच टोचत राहिलं. मग चौकशी केली, वाचलं. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

दोरीचं काम काय?

काम अगदी साधं आहे. पेट्रोलचं इंजिन ठिणगीवर चालतं. बटणाखाली ती प्लॅस्टिकची चाप असेपर्यंत ठिणगी पडत राहते. चाप निसटली, की ठिणगी थांबते आणि इंजिन बंद. चाप पुन्हा जागेवर बसवल्याशिवाय ते सुरू होत नाही. दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या अंगाला असतं. तो पाण्यात पडला की दोरी ताणली जाते, चाप निघते आणि बोट थांबते.

तुमच्यापैकी कुणी ट्रेडमिलवर चालत असाल तर ही दोरी तुमच्या ओळखीचीच आहे. तिथेही एक चिमटा कपड्याला लावायचा असतो. तोल गेला की पट्टा थांबतो. आणि तिथेही आपण तो चिमटा बाजूला लोंबकळत ठेवतो, नाही का?

माणूस पडल्यावर बोट सरळ पुढे निघून जाईल असं आपल्याला वाटतं. पण तसं होतंच असं नाही. सुकाणूवरचा हात सुटला की इंजिन एका बाजूला वळतं आणि बोट गोल गोल फिरू लागते. म्हणजे ती पुन्हा पुन्हा पडलेल्या माणसाच्याच अंगावर येते, आणि खाली तिचा धारदार पंखा फिरत असतो. शेतात मळणी यंत्रात पदर अडकल्याच्या बातम्या आपण वाचतो. यंत्राला माणूस कळत नाही. पंख्याचंही तसंच.

एका कुटुंबाची गोष्ट

५ मे २०१३ चा दिवस. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल भागात, पॅडस्टोजवळच्या खाडीत एक कुटुंब आपल्या स्पीड बोटीतून फिरत होतं. आई, वडील आणि चार मुलं. बोटीने एकदम वळण घेतलं आणि सहाही जण पाण्यात फेकले गेले. दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला नव्हती. इंजिन चालूच राहिलं. रिकामी बोट गोल फिरत त्यांच्याच अंगावर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. बाकीचे जखमी झाले, त्यांतले दोघे गंभीर. शेवटी एका धाडसी माणसाने दुसऱ्या बोटीतून त्या फिरत्या बोटीत प्रवेश मिळवला आणि इंजिन बंद केलं.

त्या बोटीचं इंजिन बिघडलेलं नव्हतं. फक्त ती दोरी अंगाला हवी होती. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान मोटरबोट वेगाने चालवताना अशी दोरी, किंवा तेच काम करणारं बिनतारी साधन, अंगावर असणं कायद्याने सक्तीचं झालं, ते उगीच नाही.

कशी बांधावी?

दोरी मांडीला, गुडघ्याच्या वर वेढा देऊन तिच्याच आकड्यात अडकवावी. नाहीतर लाइफ जॅकेटच्या मजबूत पट्ट्याला. पाण्यावरच्या स्कूटरला ती मनगटाला लावतात. शर्टाचं बटण, ओढणी, पदर, बांगडी, घड्याळाचा पट्टा यांना कधीही लावू नये. झटका बसला की आधी तेच तुटतं आणि चाप जागच्या जागी राहते.

दोरी सुकाणूच्या चाकाभोवती किंवा दांड्याभोवती अडकता कामा नये. चालवणारा बदलायचा असेल तर आधी इंजिन बंद, मग जागा बदलायची, मग दोरी नव्या माणसाला, आणि त्यानंतरच इंजिन सुरू. "ये रे, जरा तू धर" म्हणत बाप मुलाला मांडीवर घेऊन सुकाणू देतो ना, तिथे हमखास चूक होते.

दोरीची निगा

ऊन आणि खारं पाणी हे दोरीचे दोन शत्रू. वरचं आवरण तडकतं, वेटोळ्यांचा ताण जातो. वापर झाला की गोड्या पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी, आणि बोटीत उन्हात पडू देऊ नये. चाप झिजली तर ती आपोआप निसटते. मीठ-माती अडकून घट्ट बसली तर वेळेला निघत नाही. दोन्ही वाईटच. अशी दोरी दुरुस्त करत बसू नये. गाठ मारणं, तारेने जोडणं, चपलेचा बंद लावणं हे उद्योग नकोत. त्याच इंजिनाला बसणारी नवी घ्यावी.

आणि रोजची परीक्षा अगदी सोपी. निघण्यापूर्वी, बोट बांधलेली असताना आणि गिअर न टाकता इंजिन सुरू करावं आणि दोरी ओढून पाहावी. इंजिन तत्काळ बंद पडलं तर ठीक. नाही पडलं, तर त्या दिवशी बोट काढू नये.

एक गोष्ट मला फार पटली. बोटीत दुसरी दोरी हवी, आणि ती कुठे आहे हे बसलेल्यांना माहीत हवं. कारण चालवणारा पडला तर पहिली दोरी त्याच्याबरोबर पाण्यात जाते. मग त्याला घ्यायला जायचं कसं?

आपल्याला काय त्याचं?

असं म्हणू नका. आपल्या जिल्ह्यातही सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे, धनेगावला मांजरा धरण आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगावच्या धरणात बुडालेल्या एका डॉक्टरांना शोधताना बचाव पथकातला एक जवानही दगावला. सप्टेंबर २०२५ च्या पुरात तर मराठवाड्याने बचावाच्या बोटी दारापर्यंत आलेल्या पाहिल्या. अशा बोटीत चढायची वेळ आली तर दोरीला आधार म्हणून धरू नका, मुलांनाही धरू देऊ नका. ती ओढली गेली तर भर पुरात इंजिन बंद पडेल.

अर्थात दोरी म्हणजे सर्व काही नव्हे. शेजारच्या उजनीच्या पाण्यात २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तिथे दोरी काय करणार? तिथे लाइफ जॅकेटच हवं. डिझेलच्या मोठ्या लाँचवर तर ही दोरी सहसा नसतेच. म्हणून जॅकेट आधी. ते साडीवरून घाला, पट्टे आवळा, आणि पदर आत खोचा. मुलाला मोठ्यांचं सैल जॅकेट देऊन समाधान मानू नका.

आपण बायका बोटीत बसतो तेव्हा पिशव्या मोजतो, मुलांची डोकी मोजतो. चालवणाऱ्याला काही विचारायचं म्हटलं की मात्र संकोच वाटतो. लोक हसतील, हे रागावतील. पण कुकर लावताना शिट्टी नीट बसली का, हे आपण कुणाला विचारून पाहतो का? तशीच ही दोरी. पुढच्या सुट्टीत तो दादा भेटला तर मी एवढंच म्हणणार आहे, "दादा, दोरी बांधा, एकदा ओढून दाखवा, मगच आम्ही बसतो." हसले तर हसू देत!