मुरमाची वाट आणि सायकल

सायकल हे खेड्यातील सर्वांत स्वस्त वाहन होय. तिला चारा लागत नाही, डिझेल लागत नाही, आणि जेथे बैलगाडी रुतते तेथूनही तिला हाताने धरून पुढे नेता येते. मात्र तिची उपयुक्तता जितकी तिच्या बांधणीवर अवलंबून असते, तितकीच ती ज्या वाटेवर चालते त्या वाटेच्या मातीवरही अवलंबून असते.

कच्च्या वाटांसाठी मुद्दाम बनविलेल्या सायकली अलीकडे पुष्कळ देशांत लोकप्रिय झाल्या आहेत. त्यांना ग्रॅव्हल सायकल म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी किंवा मुरूम. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ साली अशा वाटांवरील लांब पल्ल्याची एक शर्यत सुरू झाली, आणि २०२२ साली इटलीत ह्या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. नागपूरचे हौशी सायकलस्वारही डांबरी रस्ता सोडून रानवाटांकडे वळू लागले आहेत. छंद शहरातला असला तरी वाट गावाची आहे. म्हणून ह्या विषयाचा विचार शेतकऱ्यानेही करणे अगत्याचे आहे.

टायरची रुंदी

ग्रॅव्हल सायकलचे मुख्य वैशिष्ट्य तिच्या टायरमध्ये आहे. शर्यतीच्या सायकलीचा टायर अरुंद व कडक असतो. ग्रॅव्हल सायकलीचा साधारणपणे ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असून त्यात हवा कमी ठेवतात. हवा कमी असली म्हणजे टायर जमिनीवर अधिक पसरतो, भार मोठ्या जागेवर वाटला जातो, आणि चाक मातीत कमी रुतते.

गंमत अशी की, आपल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या काळ्या सायकलीचा टायर २८ × १½ इंच मापाचा, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच रुंदीचा असतो. दुधाचे कॅन, गवताचा भारा किंवा खताची गोणी घेऊन पांधणीतून जाणारा शेतकरी ह्या नव्या नावाच्या आधीपासून तेच करीत आला आहे.

हवेचा टायर व्यवहारात आणणारा जॉन बॉइड डनलॉप हा व्यवसायाने पशुवैद्य होता. १८८८ साली बेल्फास्ट येथे त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी असा टायर तयार केला. पुढे हेच तत्त्व बैलगाडीला लागू झाले, आणि रबरी चाकांच्या गाडीला आपल्याकडे ‘डनलॉप गाडी’ हे नाव पडले. लोखंडी धाव वाट कापते; रबरी टायर ती दाबतो. दोहोंतील हा फरक प्रत्येक गाडीवानाला ठाऊक आहे.

नागपूरची माती

नागपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील काटोल, कळमेश्वर व हिंगणा ह्या भागांत काळा बेसाल्ट खडक आहे. पूर्व व उत्तर भागांत त्याहून फार जुने खडक आढळतात. जुन्या जमाबंदीत येथील जमिनींचे काळी, मोरांड, खरडी व बरडी असे प्रकार पाडलेले होते. सायकलस्वारालाही हीच वर्गवारी उपयोगी पडते. माथ्यावरील बरडी व खरडी जमिनीत मुरूम आणि दगड असल्यामुळे पाणी लवकर निचरून जाते, आणि पाऊस उघडल्यावर वाट लौकर चालती होते. उताराखालच्या मोरांड व काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण अधिक असते. ती पाणी पिऊन फुगते, चाकाला व मडगार्डला लगदा बसतो, आणि चाक फिरेनासे होते. उन्हाळ्यात तीच जमीन आकसून भेगाळते.

कोकणात किनाऱ्याजवळच्या रानवाटांची गोष्ट वेगळी. तेथे अतिवृष्टीने क्षार वाहून जाऊन लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिलेला जांभा दगड आहे. त्याची वाट खडबडीत असते, पण काळ्या मातीसारखी फुगत नाही. म्हणून कोकणातील सायकलस्वाराचा अनुभव नागपूरच्या काळ्या रानात जसाच्या तसा लागू पडत नाही.

ओली वाट मोडू नये

ओल्या काळ्या मातीवरून कोणतेही चाक गेले की तेथील माती दबते आणि चाकोरी पडते. पुढच्या सरीचे पाणी त्याच चाकोरीतून धावते आणि ती खोल करते. दोन-तीन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. सायकलीचे ओझे थोडे असले तरी एकामागून एक दहा-बारा सायकली एकाच चाकोरीतून गेल्यास उतारावर पाण्याला वाट मिळते. ट्रॅक्टरने तर हे काम एका फेरीत होते.

ह्यासाठी एक सोपी परीक्षा करावी. वाटेवर टाच दाबावी. टाच रुतली आणि माती जोड्याला चिकटून वर आली, तर त्या दिवशी वाट सोडावी आणि मुरमाच्या माथ्यावरून जावे. गावकऱ्यांनी पांधण दुरुस्त करताना केवळ मुरूम टाकून थांबू नये. आधी दोन्ही बाजूंस नाल्या काढाव्यात, मधला भाग किंचित उंच ठेवावा, उतारावर जागोजागी पाणी बाजूला वळवावे, आणि मगच मुरूम पसरून दाबावा. पाण्याची सोय न करता टाकलेला मुरूम चिखलात जातो आणि त्यावरील खर्चही वाया जातो.

पांधण बंद झाली तर

पांधणीचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. जुलै महिन्यात पांधण चिखलाने बंद झाली म्हणजे बियाणे व खत डोक्यावरून न्यावे लागते, रानात राहणाऱ्या कुटुंबाच्या मुलीची सायकल घरी पडून राहते आणि तिची शाळा बुडते, आणि आजारी माणसाला खाटेवरून आणण्याची पाळी येते. पुष्कळ ठिकाणी तर दोन्ही बाजूंचे बांध सरकत सरकत वाटच नाहीशी झाली आहे.

अशा वेळी भांडण वाढविण्यापूर्वी गाव नकाशा पाहावा. त्यात पायमार्ग एका तुटक रेषेने, तर गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखविलेला असतो. शेताच्या वाटेत कोणी अडथळा केल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. शेतात जाण्यास वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मागता येते.

जंगलातील वाट

रामटेक, देवलापार व पेंचकडील वाटा सागाच्या जंगलातून जातात. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य ह्यांत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू असल्यामुळे परवानगीवाचून प्रवेश करू नये. परंतु गावकऱ्याला जंगलाजवळून जावेच लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने गोळा करण्यासाठी माणसे पहाटे निघतात, आणि वाघ व अस्वल ह्यांच्या हालचालीची वेळही तीच असते. सायकल आवाज न करता जाते; त्यामुळे वळणावर जनावर अचानक समोर येण्याचा संभव अधिक. म्हणून उजाडल्यावरच निघावे, एकट्याने जाऊ नये, आणि वळणापूर्वी घंटी वाजवावी. वाघ दिसल्यास पाठ फिरवून पळू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे.

दुसरा धोका माणसानेच निर्माण केलेला आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी काही जण कुंपणाच्या तारेत विजेचा थेट प्रवाह सोडतात. हा गुन्हा आहेच, पण त्याहून भयंकर म्हणजे त्या तारेला माणूस, बैल व वाघ असा भेद कळत नाही. पहाटे त्या बांधावरून जाणारा शेजाऱ्याचा मुलगाही असू शकतो. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो; त्याने जनावर बिचकते, मरत नाही. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आली आहे. तिच्यासंबंधी वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी.

पाहुण्याने व गावाने

शहरातून येणाऱ्या सायकलस्वाराने उघडलेले फाटक पुन्हा लावावे, उभ्या पिकातून व ओलिताच्या नळ्यांवरून सायकल नेऊ नये, आणि उन्हाळ्यात जंगलालगत विडी-सिगारेट पेटवू नये. गाजरगवताच्या रानातून आल्यास त्याचे बी टायरच्या मातीबरोबर दुसऱ्या शेतात जाते. म्हणून चाके धुऊन निघावे. गावानेही अशा पाहुण्याला परका मानू नये. तो चहा, संत्री व भाजी विकत घेतो, आणि चांगली पांधण कोणत्या गावची हे दहा जणांना सांगतो.

वाट कोणा एकाची नसते. पेरणीपूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, गावकऱ्यांनी एक दिवस पांधणीच्या नाल्या मोकळ्या केल्या, तर त्या पावसाळ्यात बैलगाडी, खताची गोणी आणि शाळेची सायकल ह्या तिन्ही बिनअडथळा जातील.