संगणकाची रोजनिशी

शिडांच्या जहाजांच्या काळीं खलाशी दोरीस बांधलेला लांकडाचा तुकडा पाण्यांत सोडीत आणि ठराविक वेळांत किती दोरी सुटली यावरून जहाजाचा वेग काढीत. या लांकडास इंग्रजींत 'लॉग' म्हणत. त्याचे आंकडे ज्या वहींत उतरीत ती 'लॉगबुक' झाली. संगणकाच्या आज्ञावल्या आपल्या कामाचीं जीं टिपणें ठेवितात, त्यांसही लॉग म्हणतात, तें या वहीवरूनच.

आमच्या वाचकांपैकीं जे विद्यार्थी पायथन भाषा शिकतात, ते आज्ञावली अडली कीं जागोजाग 'प्रिंट' घालून पाहतात. समोर बसलेलें असतांना हें चालतें. परंतु मध्यरात्रीं एखाद्या रुग्णालयाची आज्ञावली बंद पडली, तर पडद्यावर उमटून गेलेलीं अक्षरें वाचावयास कोण बसलें आहे? सकाळीं कारण शोधणाऱ्यास आधार काय तो लेखी नोंदींचाच. यासाठीं २००३ सालीं पायथनच्या २.३ या आवृत्तींत 'लॉगिंग' नांवाचा भाग समाविष्ट झाला. तो विनय साजिप यांनीं रचिला. त्यांत प्रत्येक नोंदीस महत्त्वाची पायरी असते: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४० व क्रिटिकल ५०. कोणीं कांहींच न सांगितल्यास वॉर्निंगखालील नोंदी गाळल्या जातात.

आतां खरा नाजूक प्रश्न येतो तो लायब्ररीचा. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांच्या आज्ञावल्यांत उपयोगी पडावा म्हणून लिहिलेला भाग. ती परक्या घरीं गेलेल्या पाहुण्यासारखी आहे. पाहुण्यानें बोलावें अवश्य. पण त्या घरची वही कोठें ठेवावी, तींत काय उतरावें, हें यजमानानें ठरवावयाचें. लायब्ररीकारानें 'बेसिककॉन्फिग' ही मांडणीची आज्ञा स्वतःच दिली तर काय होतें पाहा. ही आज्ञा मूळ लॉगरला आधीं हँडलर, म्हणजे नोंद पोंचविणारा, जोडलेला असेल तर सहसा कांहींएक करीत नाहीं. मग यजमानाची स्वतःची आज्ञा मागाहून येते आणि मुकाट्यानें वायां जाते. तो बिचारा आपली फाईल रिकामी कां, म्हणून डोकें धरून बसतो. आमच्या मतें हा उद्धटपणाच होय.

उचित रीत अशी: लायब्ररीनें आपल्याच नांवाचा लॉगर घ्यावा आणि वरच्या लॉगरला 'नलहँडलर' जोडावा. हा हँडलर कांहींच करीत नाहीं, आणि तेंच त्याचें काम. एरवीं, कोणतीही मांडणी नसतां, पायथन वॉर्निंग व त्यावरील नोंदी चुकांच्या प्रवाहांत, म्हणजे बहुधा पडद्यावरच, टाकतें.

एवढ्यानें काम संपत नाहीं. लायब्ररीच्या माहितीपत्रकांत लॉगरचीं नांवें कोणतीं, कोणत्या पायरीवर काय लिहिलें जातें, हें स्पष्ट छापलें पाहिजे. नांव ठाऊक नसेल तर यजमानानें हांक कोणास मारावी? आणि परवलीचे शब्द वा कोणाची खासगी माहिती नोंदींत कदापि येऊं देऊं नये. नोंदवही पुष्कळांच्या हातीं जाते.

उदाहरण म्हणून संकेतस्थळांशीं बोलण्यास वापरली जाणारी 'युआरएललिब-३' ही लायब्ररी घ्यावी. ती नलहँडलर जोडते. नवी जोडणी करतांना 'कनेक्शनपूल' या तिच्या पोटभागाचा लॉगर डीबग पायरीवर एक ओळ लिहितो. त्याचें पूर्ण नांव मधें टिंब देऊन 'युआरएललिब-३.कनेक्शनपूल' असें होतें. पोटलॉगरला स्वतःची पायरी नसेल तर तो वरच्याची पाळतो. म्हणून आपल्या आज्ञावलीच्या डीबग नोंदी चालू ठेवून ही कुजबूज तेवढी थांबवावयाची असल्यास, 'युआरएललिब-३' या वरच्या लॉगरची पायरी वॉर्निंगवर नेली कीं पुरे. लायब्ररीच्या एका अक्षरासही हात लावावा लागत नाहीं.