जुन्या सागवानी दाराला कमी खर्चात नवी झळाळी
सागवानी दार निस्तेज दिसले, तरी बहुधा लाकूड शाबूत असते. खराब झालेला असतो तो वरचा पॉलिशचा थर. म्हणून नवे दार घेण्याआधी जुने घासून पाहावे. काम पावसाळा उलटून लाकूड सुकल्यावरच काढावे. दमट हवेने फुगून अडकणाऱ्या दाराला भर पावसात रंधा मारला, तर उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि फट पडते.

आधी कडी-कोयंडा, मूठ आणि नावाची पाटी उतरवावी. पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू करून १२० आणि शेवटी २२० नंबरचा घ्यावा. हात लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच चालवावा, कारण आडवे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. दारावर जुना ऑइल पेंट असेल, तर त्यात शिसे असू शकते. तो कोरडा न घासता ओला करून घासावा आणि तोंडाला मास्क लावावा.

स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे पॉलिश घरातल्या फर्निचरला उत्तम, पण पावसाची झड लागणाऱ्या दारावर ते पांढुरके पडते. तिथे बाहेरच्या वापराचे वॉर्निश लावावे: पातळ दोन हात, मधे हलका पेपर मारून. दाराची खालची कड हमखास विसरली जाते, आणि पाणी नेमके तिथूनच शिरते.

पितळी कड्या चिंचेचा कोळ आणि मीठ लावून घासल्या की उजळतात. चिंचेतले आम्ल वरचा काळपट थर विरघळवते. त्या धुऊन, पूर्ण कोरड्या करूनच पुन्हा बसवाव्यात.