वाहनाची शिदोरी

लांबच्या प्रवासाला निघालेला मनुष्य शिदोरी बरोबर घेतो. वाहनाचेही तसेच आहे. मार्गात लागणारी ऊर्जा त्याला आपल्याबरोबर वाहून न्यावी लागते आणि ही शिदोरी जितकी जड, तितकी अधिक ऊर्जा तिला वाहण्यातच खर्च होते. पेट्रोल व डिझेल यांनी शंभराहून अधिक वर्षे रस्त्यांवर राज्य केले, त्याचे एक मुख्य कारण या हिशेबात सापडते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलोग्रॅम असते. परंतु ते जाळले असता सुमारे ९ युनिट विजेइतकी उष्णता मिळते. या इंधनांची जागा उद्या कोण घेणार, हा प्रश्न म्हणूनच केवळ नव्या इंधनाच्या शोधाचा नाही. कोणत्या वाहनाने कोणती शिदोरी न्यावी, असा तो प्रश्न आहे.

रेवा गाडीचा धडा

या प्रश्नाच्या अभ्यासास बंगळूरच्या दक्षिणेकडील होसूर रस्ता फार उपयुक्त आहे. १९७८ साली कर्नाटक सरकारच्या केओनिक्स या महामंडळाने कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या परिसरात ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसविली. याच रस्त्याने थोडे पुढे गेले, की बोम्मसंद्र ही औद्योगिक वसाहत लागते. चेतन मैनी यांच्या रेवा कंपनीचा कारखाना तेथे होता. या कंपनीने २००१ साली विजेवर चालणारी एक चिमुकली मोटारगाडी बाजारात आणली.

या गाडीत ६ व्होल्टच्या, शिसे व आम्ल यांच्यावर चालणाऱ्या ८ बॅटऱ्या बसविलेल्या होत्या. गाडीच्या एकूण वजनापैकी एक-तृतीयांशाहून अधिक वजन त्यांचेच असे. त्यांत साठणारी वीज होती १० युनिटांच्या आत, म्हणजे जवळजवळ एक लिटर पेट्रोलमधील ऊर्जेइतकी! असे असूनही बॅटऱ्या पूर्ण भारित केल्यावर गाडी सुमारे ८० किलोमीटर धावू शके. हे कसे साधले? पेट्रोलच्या एंजिनात इंधनातील ऊर्जेचा सुमारे पाव हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेची मोटार मात्र मिळालेल्या ऊर्जेपैकी चार-पंचमांशाहून अधिक ऊर्जा कामी लावते. शिवाय गाडीचा वेग कमी करताना तीच मोटार जनित्राचे काम करते व काही वीज बॅटरीत परत जाते. वारंवार थांबावे लागणाऱ्या शहरी रहदारीत हा लाभ लहान नाही.

रेवाची खरी अडचण होती ती शिदोरीच्या वजनाची, आणि ती पुन्हा भरण्यास लागणाऱ्या सुमारे ८ तासांची. लिथियम-आयन बॅटरी तेवढ्याच वजनात चौपट-पाचपट वीज साठविते. २००९ साली रेवाचीही अशी बॅटरी असलेली आवृत्ती निघाली व २०१० साली महिंद्र समूहाने कंपनीत बहुमताचा हिस्सा घेतला. नव्या बॅटरीचा लाभ हलक्या वाहनांना विशेष झाला. बंगळूरच्या एथर कंपनीने २०१८ साली विजेवर चालणारी स्कूटर विक्रीस आणली. वाहन हलके असले, की शिदोरीही लहान पुरते.

इथेनॉल आणि हायड्रोजन

प्रत्येक वाहनाला हा मार्ग सोयीचा नाही. दूरवर माल नेणाऱ्या ट्रकने बॅटरीच वाहायची, तर मालासाठी जागा व वजन कमी उरते. अशा ठिकाणी द्रवरूप वा वायुरूप इंधनांचा विचार होतो. महाराष्ट्रातील वाचकाला उसापासून होणारे इथेनॉल परिचयाचे आहे. २००३ साली काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला आणि २०२५ साली देशात हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, आणि त्यासाठी लागणारा ऊस पाण्यावाचून वाढत नाही.

हायड्रोजनमध्ये, वजनाच्या मानाने, पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते. तथापि हा अतिशय विरळ वायू मोटारीत नेण्यासाठी त्यावर वातावरणाच्या सुमारे ७०० पट दाब द्यावा लागतो. म्हणून ५ किलोग्रॅम हायड्रोजनसाठी त्याच्या कित्येक पट वजनाची टाकी लागते. पाण्यापासून विजेने तो मिळवायचा आणि गाडीत पुन्हा त्याची वीज करायची, या फेऱ्यात मूळ विजेचा सुमारे एक-तृतीयांश भागच चाकांना मिळतो.

शिदोरीवाचून प्रवास

ज्या वाहनाला ऊर्जा बरोबर न्यावीच लागत नाही, ते या हिशेबात सर्वांत सरस ठरते. १० ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रीय विद्यालय रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. १९ किलोमीटरांहून थोडी अधिक लांब असलेली ही मार्गिका इलेक्ट्रॉनिक सिटीतून जाते. तिच्या गाड्या रुळांलगतच्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्ट दाबाची वीज घेतात. धूर तर त्या सोडत नाहीतच. रस्त्यावरची जागाही अडवीत नाहीत. पेट्रोलच्या हजार मोटारींऐवजी विजेच्या हजार मोटारी आल्या, तर हवा सुधारेल; रस्त्यावरची कोंडी मात्र तशीच राहील.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विजेचे वाहन किती स्वच्छ, हे ती वीज कोठून येते यावर अवलंबून आहे. कर्नाटकात रायचूरला कोळशापासून वीज होते, तर तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे २,०५० मेगावॅट क्षमतेचे सौर ऊर्जाकेंद्र आहे. सूर्याची वीज दिवसा मिळते. परंतु घरी गाडी भारित करायची ती बहुधा रात्री. ज्याला भाड्याच्या खोलीत राहावे लागते, त्याला तर स्कूटर उभी करण्याच्या जागी विजेचे बटणही मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या ठिकाणी दिवसपाळीला येणाऱ्यांची वाहने सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच जागी उभी असतात. बॅटरी भारित करण्याची सोय तेथेच झाली, तर दिवसाची सौर वीज कामी येईल आणि ज्याच्या घरी अशी सोय नाही, त्या कामगारालाही विजेचे वाहन घेता येईल. वाहनतळावर अशी सोय करण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही; कारखाने, कार्यालये आणि वीजमंडळे यांनी आजच हाती घ्यावे, असे हे काम आहे.