घाटनांदूर ते इटली, व्हाया तहसील कचेरी

तालुक्याचं ठिकाण अंबाजोगाई, पण रेल्वे थांबते घाटनांदूरला. परळी–लातूर रोड मार्गावरच्या या स्टेशनातून एखादं पोरगं इटलीला शिकायला निघालं की सगळा गाव सांगतो, ‘युरोपात काय बाबा, सगळं टापटीप, कामं चुटकीसरशी!’ इटलीपुरतं हे विसरून जा. तिथले सुरुवातीचे महिने त्यालाच सोपे जातात, ज्याने तहसीलच्या पायऱ्या झिजवल्यात. पुरावे घ्या.

नमुना आठ बोलोन्यात

इटलीतल्या सरकारी विद्यापीठांत घरची कमाई कमी असली की फी कमी होते. प्रांताची शिष्यवृत्ती लागली तर फी माफ, वर राहण्या-जेवणाचा भार हलका. परदेशी पोरांनाही ती खुली आहे. फक्त घरात माणसं किती, उत्पन्न किती, घर केवढं, बँकेत शिल्लक किती, हे सगळं कागदावर दाखवायचं. म्हणजे तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, बँकेचं स्टेटमेंट. सरकारी कागदांवर अपॉस्टीलचा शिक्का आणि सगळ्याचं इटालियन भाषांतर. घराचं माप चौरस मीटरमध्ये द्यायचं, त्यामुळे हजार चौरस फुटांचा ऐसपैस वाडा तिथं ९३ मीटरांवर येतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही जगातल्या सर्वात जुन्या विद्यापीठांपैकी एकात, १०८८ सालच्या बोलोन्यात, फायलीला लागते. जागतिकीकरण म्हणतात ते हेच असावं.

देशमुखांचं डीएसएच

तिथं उतरल्यावर पहिलं काम म्हणजे ‘कोदिचे फिस्काले’ काढायचं. कराचा हा १६ अक्षर-अंकांचा क्रमांक फुकट मिळतो आणि खोलीच्या करारापासून बँकेपर्यंत सगळीकडे विचारला जातो. गंमत अशी, की तो तुमच्या नावातूनच शिजवतात. आडनावातली पहिली तीन व्यंजनं घ्यायची: देशमुख डीएसएच, मुंडे एमएनडी, पाटील पीटीएल. काळ्यांकडे इंग्रजी स्पेलिंगमध्ये व्यंजनं दोनच, म्हणून शेपटाला स्वर लावून केएलए. मग नावाची तीन अक्षरं, जन्मसालाचे दोन अंक, महिन्याचं एक अक्षर आणि तारीख. मुलगी असेल तर तारखेत ४० मिळवतात. ५ तारखेला जन्मलेली पोरगी कागदावर ४५ तारखेची! इटलीकराला त्याच्या गावाचा वेगळा कोड मिळतो. आपण घाटनांदूरचे असू की मुंबईचे, अख्ख्या भारताला एकच: झेड २२२. शेवटचं अक्षर आधीच्या पंधरांवरून हिशेबाने निघतं, त्यामुळे एखादं अक्षर चुकलं की लगेच कळतं.

मुद्रांक हवा? पानटपरीवर जा

पोहोचल्यापासून आठ कामकाजी दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाकावा लागतो. तो मिळतो पोस्टात, भरायचा पोस्टात. त्यावर लावायचा १६ युरोंचा मुद्रांक मात्र तंबाखूच्या दुकानात! मोठ्या ‘टी’ची पाटी दिसली की आत शिरा, बसचं तिकीट आणि मोबाइलचा रिचार्जही तिथंच होतो. काही जुन्या पाट्यांवर अजून ‘मीठ आणि तंबाखू’ लिहिलेलं सापडतं, कारण मीठही तिथं सरकारी मक्तेदारीचं होतं. १९३० साली शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात लाठ्या खाल्लेल्यांच्या नातवंडांनी त्या पाटीचा एक फोटो काढायलाच हवा. पुढे पोलिसांकडे बोटांचे ठसे, आणि कार्ड हाती पडेस्तोवर पोस्टाची पावती जिवापाड जपायची. कार्डाला महिनोन् महिने लागू शकतात. पावती हरवली तर… नकोच तो विषय.

नळ बंद करणारं कुणी नाही

बीड-लातूरच्या माणसाचा जीव कासावीस होतो तो रोमच्या रस्त्यावर. १८७४ पासून बसवत आलेले ओतीव लोखंडाचे सुमारे २,५०० सार्वजनिक नळ, बहुतेक दिवसरात्र वाहतात. तोटी फिरवायची सोयच नाही. पाणी पिण्याचं, थंडगार, फुकट. पितानाची युक्ती बघा: खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारक्या छिद्रातून धार उसळते आणि कमानीसारखी थेट तोंडात पडते. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा वॅगनींचं स्वागत झालेलं ज्याने पाहिलंय, त्याला ही धार बघून तहान लागत नाही, राग येतो.

जोंधळा गुरांना

पो नदीच्या खोऱ्यात ज्वारी पिकते; पण भाकरीसाठी नव्हे, मुख्यतः जनावरांसाठी. एका जातीच्या कणसांचे झाडू बांधतात. भाकरीची तलफ रोमान्या भागातल्या ‘पियादिना’वर भागेल, पण जुन्या पद्धतीत तिच्या पिठात डुकराची चरबी पडते, तेव्हा आधी विचारा. माळकऱ्यांना दुसरा इशारा: अस्सल पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने दूध साकळवून बनतं. नियमच तसा आहे. बिनधास्त खावं ते लिगुरियातलं ‘फारिनाता’, बेसन-पाण्याचं भट्टीत भाजलेलं जाड धिरडं. चार दिवस पिठल्याची आठवण येत नाही. (पाचव्या दिवशी येतेच.)

पार्मेझानसाठी दूध देणाऱ्या गोठ्यांत मात्र आपली माणसं भेटतात. अनेक वर्षं त्या पट्ट्यातल्या गाई पंजाबी शीख मंडळी सांभाळतात. नोव्हेलारा गावात २००० साली मोठा गुरुद्वारा उभा राहिला. नांदेडला सचखंडाच्या लंगरात जेवलेल्याला वेगळं सांगायला नको: खिसा रिकामा, तर पंगतीत बसा.

किरकोळ, पण कामाचं

छोट्या गावांत दुपारी दुकानं बंद. पुणेकरांना सवय आहे, बाकीच्यांनी लावून घ्यावी. कॉफी बारच्या फळीशी उभ्याने प्यावी, बसलात की बऱ्याच ठिकाणी दर चढतो. हजाराच्या आकड्यात टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम: भाडं ‘१.२००’ दिसलं तर हुरळू नका. अशुभ आकडा तेरा नव्हे, सतरा. रेल्वेचा संप आधी जाहीर होतो आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९, संध्याकाळी ६ ते ९ प्रादेशिक गाड्या तरीही सोडतात. संपालासुद्धा वेळापत्रक! १५ ऑगस्टला तिथंही सुट्टी, पण झेंड्याची नाही. सम्राट ऑगस्टसच्या काळापासून चालत आलेल्या उन्हाळी सणाची.

मोंतोनेतलं सूर्यघड्याळ

परदेशी लोकांना इटालियन शिकवण्याचं काम पेरुजात १९२१ पासून चालू आहे. त्यासाठी तिथं वेगळं विद्यापीठच आहे. तिथं भाषा शिकायला गेलात तर उत्तरेला मोंतोने गाठा. १० जुलै १९४४ रोजी याच वरच्या टायबर खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे, रायगडच्या माणगाव तालुक्याचे, वय २२, सोबतचे सगळे मारले वा जखमी झाल्यावर एकटेच मशीनगनवर चालून गेले आणि पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये मोंतोनेकरांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. आणखी उत्तरेला सेनिओ नदी लागते. तिथं ९ एप्रिल १९४५ रोजी नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी जखमींना सुरक्षित जागी नेलं, मशीनगनची ठाणी गारद केली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना ठोकत मागच्यांना पुढे बोलावलं. इटलीत मराठी अशीही ऐकू आली होती.

परीक्षा: तोंडी आणि चव्हाट्यावर

वर्ग छापील वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होणं ही जुनी, मान्य रीत. परीक्षा बऱ्याचदा तोंडी, तीही इतर पोरं बसलेली असताना. मार्क ३० पैकी, १८ ला पास, फारच भारी असाल तर ३० आणि वर ‘शाबास’. प्राध्यापक तिथल्या तिथं आकडा सांगतात. पटला नाही तर बहुतेक वेळा नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा बसता येतं. बोलोन्यात पदवी मिळेपर्यंत विद्यार्थी आसिनेल्ली मनोऱ्याच्या ४९८ पायऱ्या चढत नसत, चढला त्याला पदवी मिळत नाही अशी समजूत. आणि पहिल्या परीक्षेनंतर घरी फोन लावाल तेव्हा ‘तीसपैकी’ आधी बोला. नुसतं ‘सव्वीस पडले’ म्हणालात, तर आई रडेल आणि आबा परतीचं तिकीट काढतील.