आधार आपलं, पण पैसे कुणाच्या खात्यात?



जून महिना उजाडला की पेण-रोह्याच्या झेरॉक्स दुकानांत गर्दी होते. शाळेचा प्रवेश, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात मुलाचं नाव... प्रत्येक कामाला आधारची एक झेरॉक्स आणि पासबुकाची एक झेरॉक्स. वर्षभरात एका घरातून अशा किती प्रती बाहेर जातात, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. आज त्याच हिशोबाबद्दल बोलू या. आपलं नाव, आपला आधार क्रमांक आणि आपल्या हक्काचा सरकारी लाभ दुसऱ्या कुणाच्या हाती कसा जातो, आणि तो जाऊ नये म्हणून घरात आणि शाळेत काय करता येतं, हे समजून घेऊ.

खारघरचं उदाहरण

जुलै २०२४ पासून राज्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या महिलांना दरमहा १५०० रुपये थेट खात्यात मिळू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या खारघरचं एक प्रकरण वर्तमानपत्रांत आलं. एका महिलेने अर्ज भरायला घेतला, तर तो पुढे जाईना. तिच्या आधार क्रमांकावर आधीच अर्ज झालेला होता! शोध घेतल्यावर धागा थेट सातारा जिल्ह्यात पोहोचला. वेगवेगळ्या महिलांचे आधार क्रमांक वापरून एकाच ठिकाणाहून सुमारे ३० अर्ज भरले होते. त्यांतले बहुतेक मंजूर झाले आणि पैसेही जमा झाले. पुढे पोलिसांनी याबाबत एका दांपत्यावर कारवाई केली.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की अशा लबाडीसाठी घरातून काहीच चोरीला जावं लागत नाही. आधार कार्ड आपल्याच कपाटात असतं. मोबाइल हातात असतो, बँकेतली शिल्लक जशीच्या तशी असते. आपला हक्क दुसऱ्याने घेतलाय हे त्या महिलेला कळलं ते स्वतः अर्ज करायला गेल्यावर. जिने अर्जच केला नसता, तिला कधी कळलं असतं?

तीन कड्यांची साखळी

सरकारी लाभाची नोंद म्हणजे तीन कड्यांची साखळी समजा. पहिली कडी आपली ओळख, म्हणजे नाव आणि आधार क्रमांक. दुसरी कडी मोबाइल नंबर, ज्यावर ओटीपी आणि संदेश येतात. तिसरी कडी बँक खातं, जिथे पैसे पडतात.

आपण सगळा जोर पहिल्या कडीवर देतो. 'आधार नंबर कुणाला देऊ नका' असं म्हणतो. पण खरं सांगायचं तर तो नंबर आपण आधीच पंचवीस ठिकाणी दिलेला असतो. लबाडी करणाऱ्याला पहिली कडी बदलायचीच नसते, ती त्याला आपलीच हवी असते. तो बदलतो दुसरी किंवा तिसरी. नाव आपलं, मोबाइल त्याचा. आधार आपलं, खातं त्याचं. म्हणून क्रमांक लपवणं ही अर्धीच काळजी झाली. आपल्या आधारला कोणता मोबाइल आणि कोणतं खातं जोडलेलं आहे, हे वेळोवेळी पाहणं ही उरलेली अर्धी.

थेट लाभ हस्तांतरणात आणखी एक बारकावा आहे. आधारवर आधारित पैसे आपण फॉर्मवर लिहिलेल्या खात्यातच जातील असं नाही. ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी लाभासाठी जोडलं गेलं, तिथे ते जातात. २०१७ मध्ये देशाने याचा मोठा धडा घेतला. मोबाइल सिमची आधार पडताळणी करताना एअरटेल पेमेंट्स बँकेत लाखो ग्राहकांची खाती त्यांच्या नीट संमतीशिवाय उघडली गेली, आणि गॅसच्या अनुदानाचे कोट्यवधी रुपये लोकांच्या नेहमीच्या बँकेऐवजी तिथे जमा झाले. त्या डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची ई-केवायसी थांबवली. गृहिणी विचारत होत्या, 'गॅसचे पैसे बंद झाले का?' बंद झाले नव्हते, पत्ता बदलला होता.

पेणकरांना हे नवीन नाही

पेणकरांना कागदावरच्या नावांची गोष्ट वेगळी सांगायला नको. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले. बोगस कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये गेल्याचं बाहेर आलं आणि कष्टाचे पैसे ठेवणारे ठेवीदार वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. योगायोग पाहा, त्याच महिन्यात, २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. खोटी नावं उभी राहू नयेत, एका माणसाची एकच ओळख असावी, हा त्यामागचा एक हेतू.

तो हेतू बराचसा साधला. आज पूर्ण खोटा माणूस उभा करणं अवघड झालंय. पण त्यामुळे लबाडीची तऱ्हा बदलली. पूर्वी खोटं नाव तयार करावं लागे, आता खरं नाव वापरावं लागतं. आणि ते खरं नाव आपलं असतं!

ओटीपी आणि अंगठा

'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे वाक्य आपण मुलांनाही शिकवतो. पण महा-ई-सेवा केंद्रात गेल्यावर केंद्रचालक ओटीपी मागतो आणि तो दिल्याशिवाय काम होत नाही. मग लोक गोंधळतात आणि पुढे सगळ्यांनाच सांगू लागतात. म्हणून नियम थोडा नीट शिकवायला हवा.

फोनवरून मागितलेला ओटीपी कधीच द्यायचा नाही, समोरचा स्वतःला बँकेचा साहेब म्हणो की तहसील कार्यालयाचा. आपण स्वतः केंद्रात गेलो असू, तर आलेला संदेश आधी पूर्ण वाचायचा. तो कशासाठी आहे हे त्यातच लिहिलेलं असतं. आपण दाखल्यासाठी आलोय आणि संदेश बँकेचा आहे, तर थांबायचं. वाचता येत नसेल तर बरोबर आलेल्या मुलाकडून वाचून घ्यायचा. आपली सातवीतली मुलगी हे काम छान करू शकते.

अंगठ्याचंही तसंच. बँक मित्राच्या छोट्या यंत्रावर आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा दिला की पैसे काढता येतात, ओटीपी लागत नाही. म्हाताऱ्या माणसांची यामुळे मोठी सोय झाली. पण जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून, त्यांची नक्कल करून खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे देशात उघडकीस आले आहेत. यावर उपाय आहे. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा संकेतस्थळावर 'बायोमेट्रिक लॉक' करता येतं. कुलूप लावलं की ठसा चालत नाही, आणि हवं तेव्हा ते आपणच उघडू शकतो. मात्र रेशन दुकानात किंवा बँक मित्राकडे जाण्याआधी ते उघडायला विसरू नका, नाहीतर हेलपाटा पडेल. यंत्रावर अंगठा दिला की पावती मागायची. 'लागला नाही, परत लावा' असं दोन-तीनदा झालं तर मोबाइलवर काय संदेश आले ते तिथेच बघायचं.

शाळेचं कपाट, शाळेचा पासवर्ड

आता थोडं आपल्या बाजूचं बोलू. गावात भरपूर आधार क्रमांक कुणाकडे असतात? शाळेकडे! मुलांचे, आईवडिलांचे, पासबुकांसकट.

२०२३ मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक कार्य मंत्रालयाच्या तपासणीत शिष्यवृत्तीसाठी नोंदलेल्या १५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बोगस किंवा बंद आढळल्या. सरकारचं १४४ कोटींहून अधिक नुकसान झालं आणि चौकशी सीबीआयकडे गेली. अशी लबाडी एकट्या दलालाला जमत नाही. त्याला विद्यार्थ्यांची माहिती लागते, बँक खाती लागतात आणि संस्थेचं लॉगिन लागतं.

म्हणून शाळेत एवढं तरी पाळू या:

- पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधार किंवा पासबुकाचे फोटो मागवू नयेत. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते कायमचे साठतात.
- आधार क्रमांकासह विद्यार्थ्यांची यादी फलकावर लावू नये. आधार कायद्यानेही कुणाचा क्रमांक असा जाहीर करता येत नाही.
- यू-डायस, सरल किंवा शिष्यवृत्तीचा पासवर्ड सायबर कॅफेवाल्याच्या वहीत लिहून ठेवू नये. बाहेरून काम करून घ्यावं लागलं तर नंतर पासवर्ड बदलावा.
- काम झालेल्या जुन्या झेरॉक्स रद्दीत देऊ नयेत, फाडून टाकाव्यात. भेळीच्या पुडीवर पालकाचं आधार दिसणं बरं नव्हे.
- एखाद्या मुलाकडे आधार नाही म्हणून त्याचा प्रवेश अडवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात हे स्पष्ट केलेलं आहे.

ज्यांच्याकडे फोनच नाही

पेण आणि रोह्याच्या डोंगरकडेला आपल्या कातकरी वाड्या आहेत. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. एकाच घरात एकच मोबाइल, तोही रिचार्जअभावी कधी बंद. साधारण तीन महिने वापर नसला तर नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. म्हणजे आपल्या आधारचा ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर वाजतो. दुसरी अडचण अशी की कागद हरवू नयेत म्हणून ते मुकादमाकडे, दुकानदाराकडे किंवा ओळखीच्या माणसाकडे ठेवले जातात. ठेवणारा भला असेलही, पण कागद आपल्या हाती नसले की मागे काय चाललंय ते कळत नाही.

या पालकांना 'ॲप डाउनलोड करा' सांगून भागणार नाही. शिक्षक, अंगणवाडी ताई आणि आशाताई यांनी मिळून वर्षातून दोनदा, स्थलांतराआधी आणि परतल्यावर, वाडीत बसून तपासणी केली तर खूप फरक पडेल. नंबर चालू आहे का? खातं कोणतं जोडलंय? रेशनकार्ड घरात आहे का? हे तीनच प्रश्न विचारायचे.

हे महत्त्वाचं का, तर गैरवापर पकडण्याची मोहीम निघते तेव्हा पहिला त्रास पुष्कळदा खऱ्या लाभार्थ्यालाच होतो. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी लाडकी बहीण योजनेत सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचं आढळलं, असं जाहीर केलं. काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज केले होते. त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला गेला. सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांना ई-केवायसी करायला सांगितलं गेलं, आणि लगेच तिच्या नावाने बनावट संकेतस्थळंही निघाली. चोर पकडायला लावलेल्या चाळणीत ज्या बाईकडे चालू मोबाइल नाही तीच अडकू नये, हे बघणं आपलं काम आहे.

घरात आजच करण्याजोगं

१. आधारला जोडलेला मोबाइल चालू ठेवा. नंबर बदलला तर आधार केंद्रात जाऊन तोही बदलून घ्या.
२. 'माय आधार' संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहा. कोणत्या बँकेत लाभ जाणार ते तिथे दिसतं. जमत नसेल तर बँकेत जाऊन विचारा.
३. तिथेच आधार कुठे कुठे वापरलं गेलं याचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास दिसतो. न ओळखीची नोंद आहे का बघा.
४. जिथे चालेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं 'मास्क्ड आधार' द्या.
५. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहून सही करा. 'फक्त शिष्यवृत्तीसाठी' एवढे दोन शब्दही पुरतात.
६. 'संचार साथी'वर आपल्या नावावर किती सिम आहेत ते तपासा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा.
७. योजनेच्या लिंकचा पत्ता नीट वाचा. सरकारी पत्त्याचा शेवट सहसा 'जीओव्ही डॉट इन' असा असतो, आणि तो शेवटीच असायला हवा.
८. पासबुकात दर दोन महिन्यांनी नोंद करून घ्या.

आणि घडलंच तर?

लाजू नका, घाबरू नका, पण थांबूही नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेत लेखी अर्ज द्या. आधारविषयी तक्रार १९४७ वर, रेशनविषयी १९६७ वर. आपल्या नावाने दुसऱ्याने लाभ घेतला असेल तर त्या योजनेच्या तालुका कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्या, आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, पोच राहते.

वर्गासाठी छोटा उपक्रम

सहावी ते आठवीच्या मुलांना कागदावर तीन गोल काढायला सांगा: ओळख, मोबाइल, खातं. ते रेषेने जोडायचे. मग विचारा, 'मधला गोल दुसऱ्याच्या हातात गेला तर काय होईल?' मुलं स्वतःच गोष्टी रचतात आणि उत्तरं शोधतात. गृहपाठ म्हणून घरच्या मोठ्यांना एकच प्रश्न विचारायचा: 'आपल्या आधारला कोणतं खातं जोडलंय?' खरे क्रमांक मात्र वहीत लिहायला लावू नका, फक्त माहीत आहे की नाही एवढंच.

पुढच्या पालकसभेत दहा मिनिटं या विषयाला द्या. कुठे अडलं, वाडीवर कसं जमलं, ते आम्हालाही कळवा.